त्या साली धुरपदा टोळीला गेली नाही

धुरपदा लग्न होऊन सायगव्हाणला आली आणि त्याच साली दसरा सरल्यावर ऊस तोडायला गेली. गंगाखेडच्या दक्षिणेला, डोंगराला चिकटून असलेलं हे गाव. जमीन मुरमाड. खरिपाचं काय येईल ते घरात आलं की निम्म्या गावाच्या दारांना कुलपं लागायची आणि ट्रकांत बसून माणसं दूरच्या कारखान्यांवर निघायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. जोडीतलं एक माणूस कमी पडलं तर टोळी जमवणारा मुकादम दुसऱ्यालाही नको म्हणायचा. धुरपदाचा हात असा की तिनं बांधलेली मोळी कधी सुटली नाही. तिचा नवरा पंडित अबोल. दिवसभर शेजारी शेजारी राबून दोघांत चार शब्द व्हायचे, आणि ते दोघांनाही पुरायचे.

थोरली लेक कुशावर्ता लहान होती तोवर उसाच्या फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीतच वाढली. शाळेचं वय झालं तेव्हा मास्तर म्हणाले, "दर साली अर्ध्यातून पोरगी नेता, तिला काय येणार? ठेवा हिला आजीजवळ." पटण्यासारखं होतं. चतुराबाई, म्हणजे धुरपदाची सासू, घरी असायचीच. तेव्हापासून कुशावर्ता मागं राहू लागली. पुढं पाठची तानू झाली, तीही अंगावरून सुटल्यावर मागंच राहिली. भाकरी थापणं, पाणी आणणं, तानूला न्हाऊ घालणं हे सगळं कुशावर्ता चिमुकल्या वयातच करू लागली. गाव तिला नावाजायचं. "पंडितची पोर म्हणजे घरातलं मोठं माणूस हाय," असं बाया म्हणायच्या आणि ऐकून धुरपदाचा ऊर भरून यायचा.

सत्त्याऐंशी साल. पाडव्याच्या आसपास टोळी परत आली. कुशावर्ता तेव्हा आठवीत होती. दुसऱ्या दिवशी धुरपदानं अंगणात चुलवणावर पाणी तापवलं आणि पोरींना हाक मारली. महिनोन्‌महिने दूर राहिलेल्या आईला लेकरांच्या डोक्याला तेल लावण्याइतकी दुसऱ्या कशाची ओढ नसते. तानू पळत आली. कुशावर्ता डोक्याची ओढणी सोडेना.

"मी माझी न्हाते, माय. तू सर."

"आगं, मी काय परकी हाय का?"

धुरपदानं हसत ओढणी ओढली आणि तिचं हसू तिथंच थांबलं. पोरीच्या टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. पार गुळगुळीत नव्हे. ज्वारी कापून नेलेल्या रानात धसकटं राहावीत तसे केसांचे बारीक खुंट तिथं उभे होते.

"चाई लागली," चतुराबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मी लसूण चोळला, कांदा चोळला. गुण न्हाई."

मग उपाय सुरू झाले. गंगाखेडच्या हकिमाकडून काळं तेल आणलं. पोखर्णीच्या नरसिंहाला शनिवार बोलले. एकीनं सांगितलं, कुणाची तरी नजर हाय; दुसरीनं सांगितलं, जट येणार असल, देवीला इचारा. कुशावर्ता सगळ्यांपुढं मान खाली घालून बसायची, जे चोळतील ते चोळून घ्यायची. जागा मात्र वाढतच होती. शेवटी पंडितच्या चुलतभावानं, सूर्यभाननं, परभणीच्या एका कातड्याच्या डॉक्टराचं नाव सांगितलं. धुरपदा लेकीला घेऊन गेली.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, "बाई, हिच्या डोक्याच्या कातडीला काही झालेलं नाही. एक केस एवढा, एक केस तेवढा, असे तुटलेत. ही स्वतःच केस उपटते. हिला मनाच्या डॉक्टरांकडं न्या."

धुरपदाला वाटलं, आपल्या तोंडावर कुणी थुंकलं. "माझी पोर येडी न्हाई," ती म्हणाली आणि उठली.

एसटीत बसल्यावर तिनं पोरीचा दंड धरला. "का गं उपटतीस? काय कमी हाय तुला?"

"मी न्हाई उपटत."

"मग काय उंदीर खातेत व्हय?"

कुशावर्तानं खिडकीकडं तोंड केलं ते गाव येईस्तोवर वळवलं नाही.

घरी चतुराबाईनं सुचवलं की झोपताना हात बांधा. धुरपदानं जुन्या लुगड्याची चिंधी घेतली आणि बांधलेही. सकाळी पाहिलं तर गोधडीच्या काठाचा एकेक दोरा ओढून काढलेला, दोऱ्यांचा एवढा पुंजका पोरीच्या उशाला. ती चिंधी सोडताना धुरपदाला रडू आवरलं नाही. तशीच उठून ती गीताबाईकडं गेली.

गीताबाई उपकेंद्रातली नर्स. तानूच्या वेळी धुरपदा अडली होती तेव्हा हिनंच सोडवलं होतं, त्यामुळं तिच्याजवळ पदर पसरायला लाज नव्हती. गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"परभणीला स्टेशनजवळ एका दवाखान्यात नांदेडहून डॉक्टर येतात," ती म्हणाली. "दर दुसऱ्या सोमवारी. कंधारकर म्हणून. मुलांचं बघतात, घरच्यांशीही बोलतात."

"शाक देतेत म्हणं."

"ह्याला कशाला शॉक? बोलतात."

"बोलून केस येतेत व्हय, शिस्टरबाई?"

"ते मला काय ठाऊक. पण ती केस का उपटते हे तुम्ही विचारून कळलं का? नाही ना? मग दुसऱ्यानं विचारून बघू द्या." गीताबाईनं तिचा हात हातात घेतला. "एक ध्यानात ठेवा. एकदा जाऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा जावं लागेल, मजुरीचा दिवस मोडेल. ते जमणार असेल तरच सुरू करा. आणि पोरीला कुठं नेताय ते खरं सांगून न्या."

धुरपदानं मान हलवली. पण घरी येईपर्यंत तिचा धीर गळाला. खरं सांगितलं तर पोर येणार नाही, सासूला कळलं तर गावभर होईल. चतुराबाईचं एकच पालुपद होतं, "डोक्याच्या डाक्टरकडं गेलेल्या पोरीला सोयरीक कोण आणील?" म्हणून धुरपदानं सासूला सांगितलं की कातड्याचंच औषध आणायला चाललो, आणि लेकीला सांगितलं की परभणीहून पोखर्णीला देवाला जायचं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कुशावर्तानं भिंतीवरची पाटी वाचली. आठवीतली पोर, तिला वाचता येत होतं हे धुरपदा त्या घाईत विसरली होती. पोरीनं ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. आत गेल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं, शाळा विचारली, तानूचं विचारलं. पोर पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिली, ओठ म्हणून हलला नाही.

डॉक्टर पन्नाशीच्या आतबाहेरचे, अंगात पांढरा कोट नाही, आवाज मऊ. त्यांनी धुरपदाला विचारलं, "येताना हिला काय सांगितलं होतं?"

"देवाला जायचं म्हणून."

"मग ती देवाशी बोलायच्या तयारीनं आली. माझ्याशी कशी बोलेल?" ते हसले नाहीत. "आज घरी जा. तिला सगळं खरं सांगा. ती येते म्हणाली तर पुढच्या खेपेला या. नाही म्हणाली तर ओढून आणू नका."

धुरपदाचं टाळकं फिरलं. पहाटे उठून, दोन गाड्या बदलून आलो, आणि हा माणूस घरी जा म्हणतो! रस्ताभर ती मनातल्या मनात डॉक्टराला शिव्या देत होती. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. पोरीला विचारा, असं तो म्हणाला. आजवर कुशावर्ताला काही सांगितलं होतं, बजावलं होतं, पुष्कळ वेळा शाबासकीही दिली होती. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

चार-सहा दिवसांनी दोघी रानात धसकटं वेचत होत्या. धुरपदा कंबर सरळ करून म्हणाली, "मी तुला लबाड बोलले. ते मनाचे डाक्टर हायत. मला तुझी लय फिकीर वाटायलीय, म्हणून नेलं. तू येती का पुन्हा? न्हाई म्हणलीस तर न्हाई."

कुशावर्तानं हातातली धसकटं ढिगावर टाकली. मग तिनं विचारलं, "मी तिथं काय बोलले ते ते डाक्टर तुला सांगतेल का?"

"मला काय म्हाईत?"

"मग ते मी इचारणार. आधी ते इचारणार."

आणि पुढच्या सोमवारी तिनं खरोखरच विचारलं. खुर्चीत बसायच्या आधी, उभ्या उभ्या. डॉक्टर म्हणाले, "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर तुझ्या आईला सांगावं लागेल, पण त्याआधी तुला सांगेन, मगच." पोरीनं आईकडं पाहिलं. "माय, तू भाईर बस."

त्या बाकावर बसणं धुरपदाला उसाच्या मोळ्या वाहण्यापेक्षा जड गेलं. दार लोटलेलं, आत आपली लेक, आणि आपण बाहेर. काय बोलत असेल? आपली गाऱ्हाणी सांगत असेल का? एकदा तर आतून हसण्याचा आवाज आला. कुशावर्ताचं हसू. धुरपदानं ते कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. पोर हसली म्हणून बरं वाटावं, तर तिला भरून आलं आणि हेवा वाटला. परक्या माणसाजवळ हसती, आपल्याजवळ नाही. तिनं पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या एका बाईनं काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढं केली.

असे दोन-तीन सोमवार झाले. डॉक्टरांनी धुरपदाला आत बोलावून एवढंच सांगितलं की पोरीचा हात डोक्याला गेला तर ओरडायचं नाही, "हात काढ" असंही म्हणायचं नाही. हाताला दुसरं काम द्यायचं. शेंगा फोडायला द्या, डाळ निवडायला द्या. "तिला कळतसुद्धा नाही कधी हात गेला ते. मुद्दाम करत नाही ती." आणि मग म्हणाले, "पुढच्या खेपेला हिच्या वडलांना आणा."

पंडितनं ऐकलं आणि बिडी विझवली. "मला काय झालंय? मी काय केस उपटायलोय का?"

"तसं न्हाई वो. ते म्हणले, घरचे सगळे लागतेत."

"पेरणीचे दिस हायत. तू जातीस तेवढं बस हाय."

बोलणं तिथंच संपलं. पंडितचं नाही म्हणजे वाद नव्हता, भिंत होती.

पुढचा सोमवार आला. कुशावर्ता सकाळी सकाळी आवरून, स्वच्छ परकर नेसून फाट्यावर जाऊन बसली. धुरपदा डबा घेऊन मागून आली. गाडीचा पत्ता नाही. तासाभरानं सायकलवरून जाणारे मास्तर थांबले. "आज बंद आहे. विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा पेटलंय. एकही एसटी येणार नाही, घरी जा."  नामांतराचं नाव निघालं की धुरपदाला पहिल्या दंगलीचं साल आठवायचं. शेजारच्या गावात दलित वस्तीतली घरं जळाली होती, आणि तिथून रातोरात निघालेली माणसं लेकरं खांद्यावर घेऊन ह्याच रस्त्यानं गेली होती. सायगव्हाणात त्या दिवशी कुणीच दार उघडलं नव्हतं. धुरपदानंही नाही.

"चल पोरी, पुढच्या बारीला जाऊ."

कुशावर्ता उठेना. तिचा उजवा हात हळूच ओढणीखाली गेला. एक केस. मग दुसरा. डोळे रस्त्यावर. गाडी येणारच आहे अशा नजरेनं ती पाहत होती आणि बोटं आपोआप चालत होती.

पंडित बैल घेऊन रानाकडं निघाला होता. फाट्याजवळ येऊन तो थांबला. आजवर त्यानं टाळूवरची जागा पाहिली होती, पण केस तुटताना पाहिलं नव्हतं. तो नुसता पाहत राहिला. पोरीचं ध्यानच नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं बैल वळवले आणि गावाकडं गेला. धुरपदाला वाटलं, गेला. पण तो परत आला तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता आणि डोक्याला पटका.

"रेल्वे चालू हाय म्हणं," तो म्हणाला. "गंगाखेडपस्तोर पायी जाऊ. चला."

तिघं चालत निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका ठिकाणी वाटेत टायर जळत होता. पंडितनं दोघींना पांदीत उतरवलं आणि रानातून वळसा घालून नेलं. कुशावर्ताची चप्पल तुटली तेव्हा त्यानं आपली काढून दिली. पोर त्या मोठ्या चपलांत फटफट करत चालू लागली आणि बापाला हसू आलं. गंगाखेडला गाडी उशिरा आली. परभणीला पोचली तेव्हा डॉक्टर पिशवी भरून नांदेडच्या गाडीसाठी निघतच होते. दारात तिघांना धुळीनं माखलेलं पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

त्या दिवशी सगळे आत बसले. पंडित खुर्चीच्या टोकाला, पटका मांडीवर घेऊन. डॉक्टर कुशावर्ताला म्हणाले, "तू म्हणाली होतीस, वडील आले तर सांगेन. सांगायचंय का आज?"

पोरीनं आधी बापाकडं पाहिलं, मग आईकडं, आणि टेबलाकडं पाहत बोलू लागली.

गेल्या हिवाळ्यात तानूला ताप भरला होता. आईबापाला परत आल्यावर एवढंच कळलं होतं की मधी जरा अंग गरम झालतं. जरा नव्हतं. पोर फणफणली होती, डोळे फिरवत होती. चतुराबाईला दिसत नव्हतं नीट, तिला गुडघे धरून उठता येत नव्हतं. कुशावर्तानं तानूला पाठीशी बांधून गंगाखेडला नेलं, दवाखान्यात दाखवलं, औषधं आणली. रात्र रात्र उशाशी बसून राहिली. "मला झोप यायची," ती म्हणाली. "मी झोपले आन् तानू मेली तर? मग मी एक केस उपटायची. दुखलं की झोप जायची. मग पुन्हा एक. तानू बरी झाली, पण हात न्हाई थांबला."



"आमाला सांगावा का न्हाई धाडला?" पंडितनं विचारलं.

"कुटं धाडू? कारखान्याचं नाव ठावं व्हतं. तुमी कंच्या गावाला उतरलात ते न्हाई ठावं." मग ती म्हणाली, "आन् आजी म्हणली, आल्यावर सांगू नको. तुझ्या मायला वाटंल, म्हातारीला लेकरं संबाळता आली न्हाईत."

धुरपदाच्या डोळ्यांपुढं फड उभा राहिला. ती तिकडं मोळ्या बांधत होती, रात्री थकून मेल्यासारखी झोपत होती, आणि इकडं ही पोर जागं राहण्यासाठी स्वतःला दुखवत होती. गाव म्हणायचं, घरातलं मोठं माणूस हाय. आणि आपल्याला ते ऐकून बरं वाटायचं!

"चूक कुणाची ते ठरवायला आपण बसलो नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "आजीही घाबरली होती. हिनं एकटीनं उचललेलं ओझं आता किती जणांत वाटून घेता येईल, तेवढं बघायचं. ते तुम्हीच सांगा. तुमच्या घरात काय जमतं ते मला इथं बसून कळणार नाही."

 उठताना पंडितनं पोरीच्या डोक्यावर, ओढणीवरून, हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

घरी आल्यावर मात्र त्याचा बांध फुटला. आईच्या पुढं उभा राहून तो ओरडला. चतुराबाई भिंतीला टेकून लहान लहान होत गेली. "मी भेले रं," ती म्हणाली. "तुमी मला टाकून द्याल म्हणून भेले." धुरपदाच्या मनात सासूबद्दल वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं, दुसरा कुठला दिवस असता तर तिनंही चार शब्द सुनावले असते. पण चूक कुणाची ते ठरवायचं नाही, हे ती आत्ताच दवाखान्यात ऐकून आली होती. ती मध्ये पडली. "ऱ्हाऊ द्या वो. आत्याबाईला तरी कोण व्हतं इथं?" त्यानंतर चतुराबाई कुणाला न विचारता कुशावर्ताजवळ झोपू लागली. पोरीचा हात डोक्याकडं जायला लागला की म्हातारी अंधारात चाचपून तो आपल्या हातात घ्यायची.

दसरा जवळ आला, मुकादम दाराशी आला. धुरपदा चुलीपुढून उठून ओसरीत आली. "औंदा मी येत न्हाई."

"बाईबिगर कोयता कसा व्हईल? पंडित, तू सांग हिला."

पंडित खाली मान घालून वाखाची दोरी वळत होता. "ती म्हणायली तसं," तो म्हणाला. "सूर्यभानची बायको बाळंतीण हाय. मी आन् सूर्यभान मिळून एक कोयता. घेत असला तर घे."

मुकादमानं कुरकुर केली, दोन गडी मोळ्या कधी बांधणार, म्हणाला. शेवटी घेतलं. गावानं नावं ठेवली. "पंडितच्या बायकोला आता ऊस टोचायलाय," असं पाणवठ्यावर म्हटलं गेलं. धुरपदानं त्या हंगामात गावातच मिळेल त्या रानात कापूस वेचला, हरभरा उपटला. त्या साली घरात पुष्कळ गोष्टींना मुरड घालावी लागली. दर दुसऱ्या सोमवारी मात्र दोघी मायलेकी परभणीला गेल्या. पंडितनं फडावर पोचताच एका ट्रक ड्रायव्हरजवळ निरोप दिला, आम्ही अमक्या गावाच्या शिवारात उतरलोय म्हणून. कुशावर्तानं नकाशात ते गाव शोधलं. नकाशात ते नव्हतं. मग तिनं अंदाजानं एक ठिपका काढला.

गुण सरळ रेघेत आला नाही. पावसाळ्यात कोवळी लव आली, थंडीत जागा झाकली गेली, आणि दहावीच्या परीक्षेआधी पोरीनं पुन्हा दोन्ही कानांमागचे केस काढले. धुरपदा घाबरून डॉक्टरांकडं धावली. "सगळं वाया गेलं का?" डॉक्टर म्हणाले, "वाया कसं जाईल? ह्या खेपेला तुमच्यापासून लपवलं का तिनं?" नव्हतं लपवलं. तिनंच येऊन सांगितलं होतं, "माय, हात सुटलाय बग." मग धुरपदाच्याही ध्यानात आलं की पहिल्या सालापेक्षा ह्यात फरक आहे. कुशावर्ता पुढं एकटीच परभणीला जाऊ लागली, मग महिन्यातून एकदा, मग कधीतरी. आत काय बोलणं होतं हे धुरपदानं विचारणं सोडून दिलं. नव्वदच्या सुमाराला डॉक्टरांचं परभणीला येणं थांबलं, तेव्हा कुशावर्ताला त्याची गरजही उरली नव्हती. ती बारावी झाली आणि गावातल्या अंगणवाडीत लागली.

सोयरिकी येऊ लागल्या तेव्हा चतुराबाईनं बजावलं, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. धुरपदालाही तसंच वाटत होतं. कुशावर्ता ऐकेना. "लपवून लग्न केलं तर आयुष्यभर ओढणी बांदून बसावं लागंल मला. सांगा. ज्याला पटलं तो येईल." पहिल्या पाहुण्यांना सांगितलं. ते पोहे खाऊन गेले आणि मध्यस्थाकडून नकार आला. धुरपदानं चुलीपुढं बसून चडफडाट केला. पंडित म्हणाला, "बरं झालं, इथंच कळलं."

त्र्याण्णवच्या माघात जिंतूरकडच्या चारठाण्याहून नर्मदाबाई नावाची बाई आपल्या लेकासाठी मुलगी बघायला आली. बाप्ये ओसरीवर बसले. धुरपदानं तिला आत माजघरात घेतलं, आणि काळीज घट्ट करून सगळं सांगितलं. केस, डॉक्टर, सोमवार, परीक्षेआधीचं पुन्हा उपटणं, काही ठेवलं नाही.

नर्मदाबाई ऐकत होती. तिच्या हातातला चहा निवला.

"माज्या थोरल्या लेकीचं आसंच काय काय व्हतं," ती शेवटी म्हणाली. "खायची न्हाई. बोलायची न्हाई. लोक काय म्हणतेल म्हणून आमी तिला कुटंच न्हाई नेलं." तिनं कप खाली ठेवला. "न्हाई ऱ्हायली ती."

 धुरपदानं नर्मदाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.  बाहेर बाप्यांची पावसापाण्याची बोलणी चालली होती, आणि तानू पुन्हा पुन्हा दारातून डोकावून जात होती. नर्मदाबाईनं डोळे पुसले, गार झालेला चहा एका घोटात प्याली आणि म्हणाली, "पोरीला बलवा. तिला आमी पसंत हाव का ते तिलाच इचारते."

कुशावर्ता आत आली आणि त्या दोघींच्या मध्ये बसली. ती पटकन हो म्हणाली नाही. तिनं आधी मुलाशी बोलायला मागितलं, आणि ओसरीवरच्या बाप्यांच्या भुवया वर गेल्या तरी नर्मदाबाईनं लेकाला हाक मारली. लग्न वैशाखात झालं.